हिरव्या चकत्या

१

सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, पुण्याहून माल पारखायला आलेल्या चार पाहुण्यांसमोर दीप्ती अढांगळेची फिल्म मऊ पडली. एकशे आठ अंशांवर. ती एकशे चाळीसपर्यंत तग धरते असं दीप्तीच्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं. दुसरी चकती तापवली, तीही एकशे आठलाच गेली. पाहुण्यांनी चहाचे कप तसेच ठेवले आणि गाडी काढली. फाटक लागल्यावर शेडचे प्रमुख डॉक्टर सबनीस सगळ्यांदेखत दीप्तीला म्हणाले, "आकडे बनवलेस तू. तीन वर्षं आम्हाला बनवलंस."

आणि मग, "तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं होतं."

हे शेवटचं वाक्य दीप्तीने मला लगेच सांगितलं नाही. संध्याकाळी ती शहापूरला माझ्या घरी आली, तेव्हा फक्त पहिलं सांगितलं. दुसरं सांगायला तिला दोन दिवस लागले.

मी शकू धानके. शहापूरच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. गावात मला अजून सगळे 'बाई' म्हणतात. दीप्ती माझी विद्यार्थिनी. तिचे वडील कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. ही पोरगी एम.एस्सी. झाली, मुरबाडला लागली, आणि रोज किन्हवलीमार्गे एसटीने जाऊन-येऊन असं काहीतरी करत होती, जे तिच्या आईला कधीच कळलं नाही. मला कळलं होतं, कारण तिने ते मला एकदा बांधाच्या दगडांवरून समजावलं होतं.

"बाई, साधी प्लास्टिकची फिल्म म्हणजे ओतलेलं काँक्रीट. घाईत जिथं पडलं तिथं आळलं. आम्ही प्लास्टिक विरघळवून गोठवतो, त्या बर्फावर लेझर मारतो, आणि निर्वात डब्यात त्याचे अगदी बारीक कण कोमट चकतीवर एकेक करून बसवतो. शेताचा बांध रचतात ना, दगड फिरवून, जागा बघून? तसा. मधे फटी राहतात म्हणून हलका, पण प्रत्येक दगड जागेवर बसलेला, म्हणून पक्का. काच असते ना, तसा घट्ट. फक्त एक आहे. एकदा जास्त तापून ढासळला, की तो सगळं विसरतो. परत थंड केला की साधं प्लास्टिक."

त्या संध्याकाळी तिने वही माझ्यापुढे ठेवली. "पुढच्या सोमवारी चौकशी आहे. माझ्या बाजूचं एक माणूस आणता येतं. वकील नको म्हणालेत. बाई, तुम्ही याल?"

"तू आकडे बनवलेस का?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. पण मला विचारणं भाग होतं.

"नाय," ती म्हणाली. एवढं शिकूनही रागात तिला 'नाही' म्हणता येत नसे.

२

शुक्रवारी मी मुरबाडला गेले. सबनीसांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कीव येईल अशा आवाजात बोलले.

"बाई, तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हाला वाईट वाटणारच. पण बघा. पाच चकत्या होत्या. दोन पाहुण्यांसमोर तापवल्या, दोन्ही फसल्या. उरलेल्या तीन मी पाहुण्यांच्या सहीनिशी डब्यात सील केल्या. त्या चौकशीच्या दिवशी तापवू. तोवर कोणी हात लावणार नाही."

डबा त्यांच्या टेबलावरच होता. वर काचेचं झाकण, भोवती लाखेचा दोरा. आत तीन काळ्या, आरशासारख्या चकत्या, सिलिकॉनच्या. त्यांच्यावर केसाहून कितीतरी पातळ थर, आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाला असतो तसा रंग. तांबूस.

"चकत्या बदलल्या असतील तर?" मी म्हणाले.

"प्रत्येक चकतीच्या कडेला तिने स्वतः कोरलेला नंबर आहे. तिच्याच अक्षरात."

"सोमवारी तिने चकत्या हातात घेतल्या होत्या?"

"नाही. मीच डब्यातून काढल्या. पाहुण्यांसमोर प्रमुखाने काढायच्या असतात. ती तिकडे पडद्यावरचे आकडे वाचत होती."

म्हणजे दीप्तीने परतल्यावर त्या नीट पाहिल्याच नव्हत्या. मी फसलेल्या दोन चकत्या मागितल्या. सबनीसांनी नाक मुरडलं, पण दिल्या. प्रयोगशाळेतल्या काट्यावर मी त्या ठेवल्या आणि दीप्तीच्या वहीतल्या आकड्यांशी ताडल्या. दुसऱ्या कोणाच्या चकत्या असत्या तर वजनं वाटेल तशी निघाली असती. ती जवळजवळ तीच निघाली. चकत्या दीप्तीच्याच होत्या.

फक्त दोन्हींचं वजन वहीपेक्षा रेसभर जास्त होतं.

तापवलेल्या वस्तूचं वजन घटू शकतं. वाढेल कशाला? मी पहिली चकती उलटी केली. मागच्या काळ्या बाजूवर मधाच्या रंगाचे, राईहून बारीक चार-पाच ठिपके होते. नखाने खरवडले, निघेनात.

दुसरी उलटी केली. तिच्यावरही होते.

३

चकत्या ठेवायच्या कपाटाची किल्ली स्टोअर सांभाळणाऱ्या जगदीशकडे असे. जगदीश वैशाखऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. चार वर्षांपूर्वी दीप्ती आली आणि प्रयोगशाळेतली त्याची जागा तिला मिळाली, हे मला दीप्तीनेच सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे न बघता उत्तरं दिली.

"दीप्ती मॅडम नवमीला सकाळीच नागपूरला जायला निघाल्या. दीक्षाभूमीला, आईला घेऊन. जाताना चकत्या कपाटात ठेवल्या, कुलूप मीच लावलं. त्या रविवारी परत आल्या. सोमवारी साहेबांनी कपाट उघडलं. मधे कोनी हात नाय लावला."

"खंडेनवमीला तुमच्याकडे पूजा झाली ना?"

"झाली की. मशीनची, हत्यारांची. सगळे करतात."

"मग किल्ल्या?"

त्याची मान आणखी खाली गेली. "किल्ल्या माझ्या कमरंला व्हत्या."

तो खोटं बोलतोय हे कळायला तेहतीस वर्षांची नोकरी लागत नाही. पण काय खोटं, ते कळत नव्हतं.

बाहेर पॅकिंगच्या बाया डबे खात बसल्या होत्या. त्यांच्यातली प्रियांका माझ्याच गल्लीतली. मी तिला पूजेचे फोटो दाखव म्हटलं. तिने फोन उघडला. झेंडूची तोरणं, हळदीकुंकवाने माखलेलं मोठं मशीन, पाटावर पान्हे, पक्कड, ड्रिल, मापं. ताटात जगदीशचा किल्ल्यांचा जुडगा, त्यावर फूल.

त्या ताटाशेजारी, केळीच्या पानावर, पाच काळ्या चकत्या.

"ह्या इथं कशा?"

"जगदीशकाकांनी ठेवल्या. नवा माल पण देवापुढं असू द्या म्हनाले. मॅडम असत्या तर ओरडल्या असत्या, म्हनून काकांनी नंतर सगळ्यांना फोटो पुसायला लावले." ती ओशाळून हसली. "मी नाय पुसला. माझा त्यात ड्रेस चांगला दिसतोय."

मी फोटो मोठा केला. पाचही चकत्या लखलखत होत्या. हिरव्या. पोपटाच्या पंखासारख्या हिरव्या. दीप्तीच्या वहीतही प्रत्येक चकतीपुढे हाच रंग लिहिला होता. मघाशी सबनीसांच्या टेबलावर, काचेखाली, पाहुण्यांसमोर न तापवलेल्या तीन मात्र तांबूस होत्या.

असल्या थराचा रंग त्याच्या जाडीवर ठरतो. जाडी बदलली की रंग बदलतो. नवमीच्या सकाळी फिल्म जाड, हलकी, अगदी वहीत लिहिल्यासारखी होती. सोमवारपर्यंत ती खचून पातळ झाली होती. बांध ढासळला होता. म्हणजे मधल्या दिवसांत कोणीतरी त्या पाचही चकत्या चांगल्या खरपूस तापवल्या होत्या, आणि तेव्हा दीप्ती आठशे किलोमीटरवर होती.

मी जगदीशकडे परत गेले. फोटो दाखवला. तो भिंतीला टेकला.

"चकत्यांना हात लावला म्हनून नोकरी जाईल असं वाटलं बाई. पूजा झाल्यावर मी त्या परत कपाटात ठेवल्या. आईशपथ. पन जुडगा ताटातच राह्यला. पूजेतली वस्तू दसरा झाल्याबिगर कशी उचलनार? शुक्रवारी सकाळी उचलला."

"म्हणजे नवमीची दुपार आणि दसरा, किल्ली कोणालाही मिळाली असती."

"कोनालाही," तो म्हणाला.

४

प्रयोगशाळेतल्या भट्टीला स्वतःची नोंद ठेवणारं यंत्र होतं. त्या दोन दिवसांत ती पेटलीच नव्हती. मग तापवलं कुठे?

शेडच्या मागे मेंटेनन्सची खोली होती. तिथे रूपेश विशे बसायचा. तोही माझाच विद्यार्थी, दीप्तीच्याच वर्गातला. दहावीला विज्ञानात दोघांना सारखे मार्क पडले होते. ती कॉलेजला गेली, तो आयटीआयला. रोजच्या एसटीत दीप्तीची जागा तो धरायचा, किंवा ती त्याची. दीप्तीच्या बाजूने त्या शेडमध्ये जर कोणी एक माणूस असेल, तर तो हाच, असं मी धरून चालले होते.

त्याने उठून माझ्या पाया पडण्यासाठी हात खाली नेले. समोर उघडी मोटर होती. तो जळलेल्या मोटरी नव्याने भरत असे. तांब्याची तार, पिवळा कागद, कोपऱ्यात वार्निशची बरणी.

"बाई, दीप्तीचं लय वाईट झालं," तो म्हणाला. "तिच्यावानी कष्ट कोनी केले नाय. पन साहेबाला काय त्याचं. पाची चकत्या भाजून गेल्या, त्याला कोन तरी पायजेच ना नाव घ्यायला."

मी स्टुलावर बसले.

सगळ्या शेडसाठी दोन चकत्या फसल्या होत्या. उरलेल्या तीन सीलबंद होत्या, त्यांचं काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि सबनीस म्हणत होते फसल्या, जगदीश म्हणत होता बिघडल्या, बाया म्हणत होत्या वितळल्या. भाजल्या असं कोणीच म्हणालं नव्हतं. चकत्या कोणीतरी तापवल्या हे फक्त मला ठाऊक होतं, तेही तासाभरापूर्वीपासून.

"रूपेश," मी म्हणाले, "नवी तार भरल्यावर मोटर वार्निशमध्ये बुडवतोस. मग पुढे?"

"वाळवतो."

"कशात?"

उत्तर त्याच्या मागेच होतं. भिंतीला लागून पत्र्याची छोटी भट्टी, दार अर्धं उघडं. आत जाळीची फळी, आणि फळीवर वर्षानुवर्षं ठिबकून वाळलेले वार्निशचे थेंब. मधाच्या रंगाचे.

फाटकावरच्या रखवालदाराने, कोंडूने, रजिस्टर दाखवलं. दसऱ्याच्या पानावर एकच नाव होतं. सकाळी दहा ते दुपारी एक. रूपेश विशे. कामाच्या रकान्यात लिहिलेलं, बोअरची मोटर.

५

मी लगेच सबनीसांकडे गेले नाही. त्याचा जाब मला आजवर कोणी विचारला नसला, तरी मी स्वतःला विचारते. मी रूपेशला रविवारी सकाळी घरी बोलावलं. दीप्तीलाही.

तो आला, खाली मान घालून बसला आणि एका दमात बोलला. ऑगस्टमध्ये सबनीसांच्या केबिनचा एसी दुरुस्त करताना त्याने टेबलावरचा नकाशा पाहिला होता. पुण्याच्या बाजूला नवा कारखाना. फिल्म पास झाली की सगळं तिकडे. खाली एक ओळ होती, मुरबाड बंद.

"बत्तीस मानसं हाय बाई तिथं. पॅकिंगच्या बाया सोळा. ही फिल्म चालली नसती, तर साहेब जुनंच काम चालू ठेवनार व्हता. मला वाटलं, फिल्म फसंल. फिल्मच तर फसायची व्हती. दीप्तीवर येईल असं माज्या मनात पन नव्हतं."

"आल्यावर?" दीप्तीने विचारलं. ती उभीच होती.

"तवा सांगायचं व्हतं. तोंड उघडलंच नाय."

"किती दिवस झाले रूपेश? सोमवार ते रविवार. एसटीत माझ्या शेजारी बसत होतास. मला म्हणालास, सोड गो, दुसरी नोकरी बघू."

तो उठायला गेला, परत बसला.

"चकत्या ढासळतात कधी, हे तुला मीच सांगितलं होतं. किती अंशाला, तेही." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

"दीप्ती, ऐक ना. तू शिकलेली हायस. तुला कुठं पन मिळंल. नाव काय, चार महिन्यांनी लोक इसरतात. त्या बायांचं काय? जगदीशकाकाचं काय? बाई, तुमीच सांगा."

मी काय सांगणार होते? माझ्याच गल्लीतली प्रियांका, तिच्या दोन लेकी, सगळं मला दिसत होतं. एक क्षण, आणि हे मी लिहून ठेवते कारण ते खरं आहे, एक क्षण मला वाटलं की गप्प राहावं.

दीप्तीने माझ्याकडे बघितलं. तिला ते दिसलं. तिला नेहमीच सगळं आधी दिसायचं.

"बाई, सोमवारी साहेब सगळ्यांसमोर आणखी काय म्हणाले, माहितेय?" ते दुसरं वाक्य मी तिच्याकडून बुधवारी ऐकलंच होतं, पण ते तिने रूपेशला तोंडावर ऐकवलं. "तू तिथंच होतास, पान्हा हातात घेऊन. माझ्या आईनं त्या दिवशीपासून वस्तीत तोंड दाखवलं नाय. बत्तीस घरं वाचवायची होती, तर बत्तीस जणांनी मिळून साहेबाला अडवायचं होतं. माझंच नाव का जाळलंस? माझं सोपं होतं म्हणून?"

रूपेशने तोंडावर हात धरले. मला वाटतं, हा प्रश्न त्याने स्वतःला त्याआधी कधी विचारलाच नव्हता.

"बाई, उद्या सगळं सांगा," दीप्ती म्हणाली. "तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगेन."

६

सोमवारी मी सगळं सांगितलं. सील फोडलं, तिन्ही चकत्या उलट्या करून ठिपके दाखवले, फोटो दाखवला, रजिस्टर मांडलं. रूपेशने स्वतः उभं राहून कबूल केलं. सबनीसांनी पोलिसांना बोलावलं नाही. पुण्याच्या पाहुण्यांच्या कानावर भांडण जायला नको होतं. रूपेशला त्याच दिवशी राजीनामा लिहून द्यायला लावला. आता तो कसारा घाटात रस्त्याच्या कामावर जनरेटर सांभाळतो.

दीप्तीला महिनाभर ठेवून घेतलं. तिने नव्या पाच चकत्या केल्या. पाहुणे परत आले. एकशे चाळीस अंशांपर्यंत हिरवा रंग हलला नाही. टाळ्या झाल्या. सबनीसांनी तिच्याकडून सगळी पद्धत पायरी-पायरीने लिहून घेतली, आणि ती लिहून झाल्यावर सांगितलं की पुण्याला त्यांची माणसं आधीच ठरलेली आहेत. सोबत एक पत्र दिलं. त्यात एक ओळ होती: 'आपल्या नोंदी योग्य आढळल्या.' त्या दुसऱ्या वाक्याबद्दल पत्रात काही नव्हतं. मी विचारलं, तेव्हा सबनीस म्हणाले, "मी असं बोललो? मला आठवत नाही."

डिसेंबरमध्ये मशीन ताडपत्रीत बांधून ट्रेलरवर चढवलं. शेडला कुलूप लागलं. नकाशा खरा असल्याचं तोवर सगळ्यांना कळलं होतं. रूपेशने ते का केलं, हेही. मग वस्तीतल्या, गल्लीतल्या बोलण्याचा रोख बदलला. रूपेशचं चुकलं, पण बिचाऱ्याने आपल्यासाठी केलं. आणि त्या पोरीला स्वतःचं नाव मोठं वाटलं.

दीप्ती अजून नोकरी शोधते आहे. मुलाखतीत विचारतात, जुनी नोकरी का सुटली. ती पत्र दाखवते. पत्र वाचून माणसाला पहिला प्रश्न पडतो की नोंदींवर संशय का आला होता. गेल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "बाई, पत्र दाखवायचं बंद केलं."

माझ्या गल्लीत प्रियांका आता मला बघून दार लोटते. दार आपटत नाही, हळूच लोटते.

परवा कामासाठी मुरबाडला गेले होते. परतताना शहापूरच्या जीपच्या थांब्यावर जगदीश भेटला. हातात पिशवी, दाढी वाढलेली, काम शोधायला तोही तिकडेच निघालेला. तो टाळेल असं वाटलं होतं, पण तो जवळ आला.

"बाई, तुमी खरं काढलंत," तो म्हणाला. "त्याबद्दल काय म्हननं नाय. दीप्ती मॅडम खोटं बोलनाऱ्या नव्हत्या, ते मला पन ठाव व्हतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काय झालं असतं?"

"तिला एकटं वाटलं नसतं."

तो थोडा वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिला. जीप भरत आली होती. मी आत बसले आणि सरकून त्याला जागा केली. ड्रायव्हरने हाक मारली, एक सीट, एक सीट.

"तुमी जा," जगदीश म्हणाला. "मी मागच्या गाडीनं येतो."

मागे गाडी नव्हती. ड्रायव्हर सीट रिकामी ठेवून निघायला तयार होईना, म्हणून आम्ही सगळे बराच वेळ तसेच बसून राहिलो, आणि जगदीश दहा पावलांवर रस्त्याकडे बघत उभा राहिला.